सेकंडहँड मोटार : पेट्रोल-डिझेलविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सेकंडहँड मोटार घेताना पेट्रोल आणि डिझेल यांच्यातील निवड बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबते, आणि तो म्हणजे महिन्याला गाडी किती किलोमीटर चालणार. हा प्रश्न चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. कारण ज्या ठोकताळ्यांच्या आधारे त्याचे उत्तर दिले जाते ते बरेचसे २०१४ पूर्वीच्या इंधनदरांवर, २०२० पूर्वीच्या इंजिनांवर आणि शोरूममधून घेतलेल्या नव्या गाडीच्या हिशेबावर बेतलेले आहेत, आणि ग्राहकासमोर उभी असलेली गाडी या तिन्ही बाबतींत वेगळी असू शकते.

डिझेलची गाडी स्वस्त पडते, हा समज एके काळी समज नव्हताच, ती वस्तुस्थिती होती. केंद्र सरकारने पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत स्वतःच्या हाती ठेवले, आणि या मधल्या काळात, विशेषतः २०१२ मध्ये, दोन्ही इंधनांच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास तफावत पडली. त्यामुळे स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा किंवा शेव्हर्ले बीट यांसारख्या लहान गाड्यांच्या डिझेल आवृत्त्यांनाही मागणी वाढली आणि ज्यांची गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर निघते अशा कुटुंबांनीही ती घेतली. मुंबईत २०२५ मध्ये ही तफावत तेरा-चौदा रुपयांवर आली होती. डिझेलची गाडी लिटरमागे अधिक अंतर कापते हे खरेच आहे. त्याचे एक कारण असे की एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा असते, आणि दुसरे असे की डिझेल इंजिनात ठिणगीऐवजी हवेच्या प्रचंड दाबानेच इंधन पेट घेत असल्यामुळे त्या ऊर्जेचा पेट्रोलच्या तुलनेत मोठा भाग चाकांपर्यंत पोचतो. तथापि जास्त मायलेज म्हणजे कमी खर्च, असे समीकरण त्यातून आपोआप निघत नाही.

उदाहरणादाखल पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९० रुपये लिटर आणि प्रत्यक्ष रस्त्यावरील मायलेज अनुक्रमे १५ व २० किलोमीटर असे धरले, तर किलोमीटरमागे पेट्रोलला सुमारे ६.९० आणि डिझेलला ४.५० रुपये लागतात. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत इंधनावर साधारण साडेचौदा हजार रुपये वाचतात. डिझेल गाडीच्या देखभालीवर वर्षाला आठ हजार रुपये अधिक जातात असे मानले, तर हाती साडेसहा हजार राहतात, आणि खरेदीच्या वेळी जास्तीचे मोजलेले ८०,००० रुपये वसूल व्हायला बारा वर्षे लागतात, म्हणजे बहुधा गाडीच आधी निकालात निघते. हेच अंतर वर्षाला १८,००० किलोमीटर असेल, तर देखभालीचे जादा बारा हजार वजा करूनही तेवढीच रक्कम अडीच वर्षांत सुटते. या हिशेबात मायलेजचा आकडा जाहिरातीतून उचलू नये. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत रोलरवर, ठरावीक वेगचक्रात केलेल्या चाचणीचा असतो, आणि त्या चाचणीत सिंहगड रस्त्यावरची संध्याकाळची कोंडी येत नाही.

सेकंडहँड बाजारात मात्र या हिशेबाचा पायाच बदलतो. नव्या डिझेल गाडीसाठी मोजावी लागणारी लाखभराची जादा किंमत पहिल्या मालकाने भरलेली असते, आणि सात-आठ वर्षांनंतर त्याच मॉडेलच्या पेट्रोल व डिझेल गाड्यांच्या किमतींतले अंतर बरेचदा खूप कमी होते, कधी उरतही नाही. अशा वेळी डिझेल फुकटात मिळाल्यासारखे वाटते, परंतु ते अंतर का मिटले याचा विचार सहसा होत नाही. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे थांबवले, शेव्हर्ले विकणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्रीच बंद केली. तेव्हा बीट डिझेलच्या ९३६ सीसी इंजिनाचा सुटा भाग मिळवणे आणि स्विफ्टच्या, फियाटने रचलेल्या १२४८ सीसी इंजिनाचा भाग मिळवणे या एकाच तोलाच्या गोष्टी नाहीत. दुसरे इंजिन टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही असल्यामुळे त्याची नस ओळखणारे मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतात. बंद झालेल्या इंजिनाची गाडी घेऊच नये असे नाही, पण ते इंजिन आणखी किती गाड्यांत बसले होते हे आधी विचारावे.

‘डिझेलचे इंजिन मरत नाही’ हे वाक्य अॅम्बॅसिडर आणि जुन्या जीपच्या काळातून आलेले आहे. त्या इंजिनांत यांत्रिक पंप आणि साधे नोझल असे. दाब मर्यादित असे आणि भेसळीचे डिझेलही ती बऱ्यापैकी पचवत. आजची कॉमन रेल पद्धत वेगळी आहे. तिच्यात सर्व सिलिंडरांसाठी एकाच नळीत, १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाखाली इंधन साठवले जाते आणि संगणकाच्या आज्ञेने इंजेक्टर ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास रुंदीच्या छिद्रांतून फवारतात. इंजिनाचा लोखंडी सांगाडा आजही दणकट असतो, दोन लाख किलोमीटर सहज काढतो; थकतात ते त्याच्या भोवतीचे भाग, म्हणजे इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, टर्बोचार्जर आणि क्लचजवळचे धक्के शोषणारे दुहेरी फ्लायव्हील. पेट्रोलच्या साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात यांतले बहुतेक भाग नसतातच. म्हणून ‘इंजिन एकदम ओके आहे’ असे विक्रेता सांगतो तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही, फक्त तो ज्याची हमी देतो ते आणि ज्याचे बिल पुढे येणार ते वेगळे असते.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज याच्या बरोबर उलट टोकाचा आहे : डिझेल घ्यायचीच तर कमी चाललेली घ्यावी. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी डिझेल गाड्यांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आणली, आणि ती गाठण्यासाठी धुराच्या मार्गात डीपीएफ नावाची गाळणी बसवावी लागली. ही गाळणी काजळी अडवते आणि भरत आली की ती काजळी जाळून स्वतःला मोकळी करते. त्यासाठी धुराचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते, आणि ते टिकण्यास गाडी काही वेळ न थांबता, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. पुणे-कोल्हापूर किंवा नाशिक-धुळे करणाऱ्या गाडीत हे चालकाच्या नकळत होऊन जाते. घर ते शाळा आणि शाळा ते भाजी मंडई अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत मात्र जाळणी अर्ध्यावर तुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. त्यासाठी जादा फवारलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते, आणि शेवटी डॅशबोर्डवर दिवा लागतो. पाच वर्षांत १८,००० किलोमीटर चाललेली बीएस-६ डिझेल गाडी त्यामुळे दिसायला कोरी आणि आतून गुदमरलेली असू शकते. तेव्हा वर्षाच्या एकूण अंतरापेक्षा एका फेरीचे अंतर अधिक महत्त्वाचे ठरते, आणि हे आधीच्या मालकाला जेवढे लागू तेवढेच नव्यालाही.

याची एक खूण घरच्या घरी पाहता येते. इंजिन थंड असताना ऑइलची डिपस्टिक काढून पुसून पुन्हा घालावी व पाहावी. ऑइल वरच्या खुणेच्याही वर आले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ते कोणी जास्त ओतलेले नसून बहुधा गाळणी जाळण्याच्या फसलेल्या प्रयत्नांचे उरलेले इंधन असते. याहून वाईट प्रकार म्हणजे गाळणी आतून फोडून रिकामी केलेली असणे. असा बदल मोटार वाहन कायद्याच्या विरुद्ध आहे, पण पीयूसी चाचणीत तो पकडला जाईलच अशी खात्री नसते, कारण त्या चाचणीत डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळपटपणा मोजतात, सूक्ष्म कणांचे वजन मोजत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल फिरवावा. गाळणी शाबूत असलेल्या गाडीत तो जवळजवळ स्वच्छ निघतो. गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला ती आधी सुरू करून ठेवू नका असे बजावावे, कारण पहिल्या सेल्फला लागणारा वेळ, पहिला धूर आणि पहिली खडखड यांतून जेवढे कळते तेवढे नंतरच्या अर्ध्या तासाच्या चक्करीत कळत नाही. सुरुवातीचा विरळ पांढरा धूर पाण्याची वाफ असू शकतो. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो आणि दाट काळा धूर इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट दाखवतो.

मीटर मागे फिरवण्याचा धंदा डिझेल गाड्यांत अधिक फोफावतो, कारण त्या मुळात जास्त चाललेल्या असतात. सर्व्हिसच्या नोंदी, ब्रेक पेडलचे झिजलेले रबर आणि टायरवर छापलेला उत्पादनाचा आठवडा व वर्ष यांचा मेळ मीटरशी बसतो की नाही ते पाहावे.

पेट्रोल गाडीत काळजीच नाही, हाही समज आता जुना झाला. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० इंधन सर्वत्र विकले जाते आणि एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या बहुतेक गाड्या त्यासाठी रचलेल्या नाहीत. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या चारचाकींच्या मायलेजमध्ये ६ ते ७ टक्के घट येईल असा अंदाज होता. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते आणि जुने रबर पाइप व सील त्याला कमी टिकतात, त्यामुळे २०१५ ची पेट्रोल गाडी घेताना इंधनाच्या नळ्यांना भेगा आहेत का, बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येतो का, हे पाहणे आता शिरस्त्याचा भाग व्हायला हवे. यामुळे पेट्रोल गाडी वाईट ठरत नाही. वरच्या हिशेबात तिचे मायलेज १५ ऐवजी १४ धरावे एवढेच. आधी बाहेरून सीएनजी किट बसवून विक्रीपूर्वी काढून टाकलेली गाडी मात्र अधिक जपून पाहावी : आरसीवर सीएनजीची नोंद राहून गेली आहे का, डिकीच्या तळाला टाकीच्या बोल्टची भोके आहेत का.

दहा वर्षांनंतर डिझेल गाडी भंगारात जाते, ही भीती दिल्लीहून आली आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई केली ती दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी परिसरापुरती, आणि तेथेही ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये असे अंतरिम निर्देश दिले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी इंधन कोणतेही असो पंधरा वर्षांसाठी असते आणि तपासणीनंतर तिचे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. या भीतीचा परिणाम मात्र येथल्या बाजारावर होतो, कारण दिल्लीत पडलेल्या भावाने घेतलेल्या डिझेल गाड्या दलालांमार्फत इकडे येतात. अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ वापरायची तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन तिची येथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि गाडीच्या वयानुसार राज्याचा एकरकमी कर भरावा लागतो, ज्याचा दर डिझेलसाठी पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी अधिक आहे. जुन्या कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ ही मागावा लागतो, आणि कराची नेमकी रक्कम दलालाकडून नव्हे, तर आरटीओतून सौद्याआधीच काढून घ्यावी. तिकडे दहा वर्षे झालेल्या गाडीच्या मूळ नोंदणीची येथे पाचच वर्षे उरलेली असतात.