बोटीवर जाणाऱ्याचे कागद घरातही हवेत

गेल्या मासिक बैठकीत आमच्या गटातल्या एका वहिनींनी पन्नास हजारांचं कर्ज मागितलं. मुलगा बोटीवर लागणार होता. एजंटाला दोन लाख द्यायचे होते, बाकीच्या रकमेसाठी पाटल्या गहाण टाकायचं ठरलं होतं. कोकणात बोटीवरच्या पगारावर चालणारी घरं पुष्कळ, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. ठराव लिहायला घेतला तेव्हा एकीने विचारलं, "वहिनी, दोन लाखांची पावती मिळणार ना?" वहिनी गप्प बसल्या.

मग आम्ही चौकशी केली. जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून दिली म्हणून खलाशाकडून एक रुपयाही घेता येत नाही. पासपोर्ट, मेडिकल आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची सरकारी नोंदवही, एवढ्याचा खर्च त्याने करायचा. ट्रेनिंगची फी वेगळी, ती संस्थेत पावती घेऊन भरायची. माणूस मिळवून दिल्याचे पैसे एजंटाने जहाजमालकाकडून घ्यायचे. आम्ही तर हे उलटंच समजत होतो!

भरती करणाऱ्याकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. परवानाधारकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे, घरातली कॉलेजची मुलगी मोबाइलवर पाहून देईल. परवाना घेणाऱ्याला सरकारकडे बँक गॅरंटी ठेवावी लागते. बिनपरवाना एजंट पळाला तर आपल्याला फक्त पोलीस ठाणं उरतं.

माणूस गेल्यावरचं जास्त महत्त्वाचं. 'इबा' नावाचं एक तेलवाहू जहाज जानेवारी २०२१ मध्ये दुबईच्या पुढे उम्म अल क्वैनच्या किनाऱ्याला लागलं. त्यावर भारत, पाकिस्तान आणि म्यानमारचे पाच जण होते. मालकाने ३२ महिन्यांचा पगार थकवलेला. उतरलो तर पैसे बुडतील, या भीतीने ते जहाजावरच थांबले. शेवटी थकबाकीपेक्षा कमी रकमेवर तडजोड करून घरी आले.

एवढं थांबू नये म्हणून नियम आहे. दोन महिने पगार दिला नाही, किंवा जेवणपाणी, घरी परतण्याचा खर्च दिला नाही, तर मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं कायदा धरतो. अशा वेळी जहाजाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार, खाणंपिणं आणि परतीचं भाडं मिळतं. त्या विम्याचा दाखला जहाजावर दिसेल असा लावलेला असावा लागतो. म्हणजे नवरा फोनवर "पुढच्या महिन्यात देणार म्हणतायत" असं दुसऱ्यांदा म्हणाला, की लगेच भरती कंपनीला आणि महासंचालनालयाला लेखी कळवा. आपल्याकडच्या बायका सासूला कळू नये म्हणून गप्प राहतात, तेच महाग पडतं.

जहाज आपल्या बंदरात असेल तर २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याने मुंबई उच्च न्यायालय ते अडकवून ठेवू शकतं. जहाज विकावं लागलं, तर खलाशांचा पगार बँकेच्या कर्जाच्याही आधी येतो.

घरी ठेवायचे कागद असे: सही झालेल्या करारपत्राची झेरॉक्स, सीडीसीची झेरॉक्स, भरती कंपनीचा परवाना नंबर आणि जहाजाचा आयएमओ नंबर. हा सात आकडी नंबर म्हणजे गुरांच्या कानातला बिल्लाच. जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, पण हा नंबर तोच राहतो.

वहिनींच्या एजंटाचा नंबर यादीत सापडला नाही. कर्ज आम्ही थांबवलं. वहिनी अजून थोड्या नाराज आहेत, कारण मुलाचा मित्र त्याच एजंटाकडून दोन महिन्यांपूर्वी गेला आहे. त्या मित्राची आई पलीकडच्या वाडीतल्या गटात आहे. गुरुवारी आम्ही दोघी-तिघी त्यांच्याकडे जहाजाचा नंबर विचारायला जाणार आहोत.