निळ्या पाटीचा फंडा

शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेपुरते गोल आणि त्रिकोण पाठ केले की काम भागतं. पण भर हायवेवर खरी गरज पडते तेव्हा धावून येतो निळा चौकोन!

"सांग बरं, ही पाटी कशाची?"

"पलंग दिसतोय. म्हणजे... लॉज!"

शेजारच्या सीटवर पप्पांनी कपाळाला हात लावला. "अगं, पलंगावरचा लाल क्रॉस बघ की! हॉस्पिटल आहे ते."

स्थळ : सोलापूर-तुळजापूर रस्ता. वेळ : रविवारची सकाळ. गाडीला पुढे-मागे लाल 'एल', स्टिअरिंगवर मी आणि नियमाप्रमाणे शेजारी पक्कं लायसन्सवाले पप्पा. देवीचं दर्शन आणि हायवेची प्रॅक्टिस, एका दगडात दोन पक्षी.

हसू नका, तुमचंही थोडंफार असंच असणार. महाराष्ट्रात २०२१ पासून आधार कार्डाच्या जोरावर शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास! मग आपण काय करतो? 'नो एन्ट्री', 'नो पार्किंग' घोकतो आणि शेवटची निळी पानं सोडून देतो. साहजिक आहे. नो एन्ट्रीत घुसलात तर चलान येतं. निळी पाटी चुकली म्हणून सात रस्त्याला कुणी शिट्टी मारत नाही.

दंड बसतो, पण वेगळा. तो मला परतीच्या वाटेवर कळला.

कप-बशीची किंमत

पप्पांना डायबेटिस. सकाळी गोळी घेतली, पण 'आधी दर्शन, मग खाणं' म्हणून पोटात काहीच नाही. देवळात रांग लांबली. निघताना म्हणाले, "आता घरी जाऊनच जेवू." गाडीत पुन्हा त्यांची पाट्यांची प्रश्नमंजूषा सुरू झाली आणि थोड्या वेळाने एकदम थांबली.

मला आधी बरंच वाटलं. मग बाजूला पाहिलं. एसी चालू असताना त्यांना दरदरून घाम फुटला होता. हात थरथरत होते, शब्द अडखळत होते. शुगर खाली गेली होती. गाडीत खायला काहीच नव्हतं. सोलापूर अजून वीसेक किलोमीटर. आणि ज्यांच्या भरवशावर मी गाडी चालवत होते, तेच आता माझ्या भरवशावर!

घाबरून मी अॅक्सिलरेटर दाबणार, एवढ्यात डावीकडे निळी पाटी दिसली. पांढऱ्या चौकटीत कप-बशी, खाली '५०० मी'. सकाळीच पप्पांनी सांगितलं होतं, कप-बशी म्हणजे चहा-नाश्ता. इंडिकेटर दिला, स्पीड कमी केला, गाडी डावीकडे घेतली. टपरीवाल्या काकांनी माझा चेहरा बघूनच चहात तीन चमचे साखर घातली. पप्पा शुद्धीत होते, घोट घोट पीत गेले. पंधरा मिनिटांनी पहिलं वाक्य आलं, "इंडिकेटर उशिरा दिलास."

मी रडले आणि हसलेही. संध्याकाळी डॉक्टरांकडे दोघंही बोलणी खाऊन आलो.

चित्रांची भाषा

घरी आल्यावर ती सोडलेली पानं उघडली. फंडा अगदी सोपा निघाला. त्रिकोण सावध करतो, गोल हुकूम देतो आणि चौकोन माहिती देतो. एक गोम मात्र आहे. निळा गोलही असतो आणि तो पाळावाच लागतो, उदाहरणार्थ 'हॉर्न वाजवा'. निळा चौकोन फक्त सांगतो, की पुढे अमुक सोय आहे, हवी तर घ्या.

चित्रंच का, अक्षरं का नाहीत? आपल्या सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येणारं आपलं गाव. वरून विजयपूर, हैदराबाद, पुणे अशा सगळीकडचे ट्रक इथूनच जाणार. कप-बशी सगळ्यांना वाचता येते. रस्त्यांवरच्या खुणा देशोदेशी सारख्या असाव्यात म्हणून १९६८ मध्ये व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात १९८० मध्ये सामील झाला.

आपण नक्की कुठे आहोत?

पाटीच दिसली नाही तर? फोन आहेच. नॅशनल हायवेसाठी १०३३, अॅम्ब्युलन्ससाठी १०८. पण पलीकडून पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कुठे आहात?" त्यावर "तुळजापूर रोडला, एका झाडाजवळ" हे उत्तर चालत नाही. हायवेचा नंबर आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. दगडाचा माथा पिवळा असेल तर नॅशनल हायवे, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

आणि नंबर नवा सांगा बरं का! २०१० मध्ये हायवेंचे नंबर बदलले. पप्पांच्या पिढीचा 'नऊ नंबर', म्हणजे पुणे-हैदराबाद, आता ६५ आहे. विजयपूरचा १३ आणि तुळजापूरचा २११ हे दोन्ही आता ५२ मध्ये आलेत.

चटकन लक्षात ठेवा

• नुसता लाल क्रॉस : प्रथमोपचार. पट्टी बांधून मिळेल, ऑपरेशन नाही.
• पलंग आणि लाल क्रॉस : हॉस्पिटल. इथे हॉर्न आवरा.
• क्रॉस नसलेला पलंग : विश्रांतीची जागा. डोळा लागत असेल तर थांबाच.
• काटा-सुरी : जेवण. कप-बशी : चहा-नाश्ता.
• पेट्रोलचं मशीन : पंप. काटा लाल रेघेला टेकायची वाट बघू नका.
• पाटीखालचं अंतर आणि बाणही वाचा. नाहीतर वळण मागे पडल्यावर रिव्हर्स घ्यायचा मोह होतो, आणि हायवेवर रिव्हर्स म्हणजे आत्महत्या.
• शेजारी बसणाऱ्याने आधी खाऊन घ्यावं. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डात आता कायम ग्लुकोजचा पुडा असतो. पप्पा त्याला 'आठवी पाटी' म्हणतात!