वीज येते कुठून? (लेखांक ६) : भातखाचरातली वीज

मोहोपाड्याजवळून वाहणारी पाताळगंगा उन्हाळ्यातही आटत नाही, याचं श्रेय खोपोलीच्या वीजघराला. १९१५ पासून टाटांच्या या वीजघरात लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाट उतरून टर्बाइन फिरवतं आणि मग नदीला मिळतं. त्या पाण्याचा प्रवास गेल्या आठवड्यात पाहिला. आता पाळी नदीकाठच्या चिखलाची.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मातीच्या कुंड्यांमध्ये तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून मुलं छोटा एलईडी पेटवतात. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४१ मध्ये याच युक्तीवर घड्याळ चालवलं होतं. पण त्यात माती फक्त ओलावा आणि क्षार पुरवते. झिजतं ते जस्त. पट्टी संपली की वीजही संपली.

भातखाचरातली गोष्ट निराळी आहे. श्रावणात खाचरात पाय टाकला की वर कोमट पाणी आणि खाली गार, काळसर गाळ लागतो. पाय उपसला की बुडबुडे फुटतात. त्यांत मिथेन असतो. या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतोच. भाताच्या मुळांतून साखर आणि सेंद्रिय आम्लं पाझरतात, त्यांवर जिवाणू जगतात. अन्न पचवताना मोकळे होणारे इलेक्ट्रॉन मात्र त्यांना कुणाला तरी द्यावेच लागतात. आपण ते श्वासातल्या प्राणवायूला देतो. जिओबॅक्टर नावाचे जिवाणू गाळातल्या लोहाला देतात. डेरेक लव्हली यांना असा जिवाणू १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला.

लोहाऐवजी कार्बनचा तुकडा पुरला तर हे जिवाणू त्यावर थर धरतात आणि इलेक्ट्रॉन त्याच्या हवाली करतात. दुसरा तुकडा वरच्या पाण्यात, जिथे प्राणवायू असतो. दोघांना तारेने जोडलं की प्रवाह सुरू होतो. झीज कशाचीच नाही. रोप उन्हात वाढतंय तोवर मुळं अन्न पुरवत राहतात.

मग खाचरावर घर उजळेल का? २००८ मध्ये जपानी संशोधकांनी भातशेतात हा प्रयोग केला, तेव्हा दर चौरस मीटरला जास्तीत जास्त ६ मिलिवॉट मिळाले. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे गुंठ्याला ०.६ वॉट. नऊ वॉटचा एक बल्ब पेटवायला पंधरा गुंठे लागतील.

बल्ब सोडून दिला तर हीच वीज कामाची ठरते. २००८ मध्येच अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी नदीतळाच्या गाळावर हवामान नोंदवणारा तरंगता बोया चालवला. २०२४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने मातीतल्या विजेवर ओलावा मोजणारा संवेदक चालवून दाखवला. बॅटरी बदलायला चिखल तुडवत जावं लागू नये, ही त्यामागची गरज. कर्जत-खालापूरच्या बांधावर पाण्याची पातळी सांगणारं असं यंत्र शेतकऱ्याच्या खरोखर उपयोगी पडेल. शिवाय इलेक्ट्रॉन तारेकडे वळले की मिथेन घटतो, असंही काही प्रयोगांत दिसलं आहे.

पुढच्या आठवड्यात : सांडपाण्यातून वीज, आणि खरगपूरच्या आयआयटीतलं ‘बायोइलेक्ट्रिक’ शौचालय.