लूथरन उपासना व आपले धर्मगुरू

नांदेड व लातूर हे जिल्हे औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात. १८ ते २५ जानेवारीच्या ख्रिस्ती ऐक्य सप्ताहात, किंवा प्रॉटेस्टंट आप्ताच्या अंत्यविधीप्रसंगी, आपल्या फादरांनी त्यांच्या उपासनेत कितपत सहभागी व्हावे, असा प्रश्न भाविकांना पडतो. लूथरन उपासनेच्या उदाहरणावरून तो समजून घेऊ.

रोमच्या १९९३ सालच्या ऐक्यविषयक मार्गदर्शिकेनुसार पाहुण्या धर्मगुरूंनी तेथील स्तोत्रे, गीते व प्रतिसादांत मनःपूर्वक भाग घ्यावा. यजमानांनी विनंती केल्यास शास्त्रपाठ वाचावा, प्रवचनही करावे. मात्र लूथरन पाळकांसमवेत मिस्साबली अर्पण करणे किंवा त्यांच्याकडून कम्युनियन स्वीकारणे त्यांना वर्ज्य आहे. भाविकांचेही रविवारच्या मिस्साचे कर्तव्य अशा उपासनेने पूर्ण होत नाही.

यात दुरावा नाही. कम्युनियन हे श्रद्धेतील पूर्ण ऐक्याचे चिन्ह आहे आणि ते ऐक्य अद्याप साधायचे आहे. म्हणूनच ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीडनमधील लुंड येथे पोप फ्रान्सिस व लूथरन नेत्यांनी मिस्सा नव्हे, तर संयुक्त प्रार्थना केली. तिचा क्रम होता आभार, पश्चात्ताप आणि संकल्प. पाच संकल्पांसाठी पाच मेणबत्त्या प्रज्वलित झाल्या.

वेदी आज वेगळी असली, तरी प्रार्थनेसाठी आपण एकत्र गुडघे टेकू शकतो.