कोरड्या काठावरील होडी

नांदेडजवळील विष्णुपुरी जलाशयात व लातूर भागातील मांजरा नदीत लाकडी होडीतून मासेमारी करणाऱ्यांच्या होडीला वादळापेक्षा उन्हाचे भय अधिक असते. पाणी आटताच फळ्या आकसतात, सांधे उकलतात. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षी पावसाने धरण पुन्हा भरले. परंतु तोवर होडी टिकावयास हवी!

होडी सावलीत, दगडांवर पालथी ठेवावी. पावसाळ्यापूर्वी रुंद फटींत कापसाची वात भरून वर डांबर द्यावे. बारीक फटी मात्र ठासून भरू नयेत. लाकूड फुगल्यावर फळ्यांवर ताण येतो. त्यासाठी एक-दोन दिवस होडी उथळ पाण्यात बुडवून ठेवावी. त्या आपोआप मिटतात.