इंडिकेटर देतोय, पण दिसतोय का?

परवा कॉलेजला जाताना उजवीकडे वळायला इंडिकेटर दिला, आणि मागून टेम्पोने कचकन ब्रेक मारला. 'अगं, हात तरी दाखव ना!' काका ओरडले. मीही भांडायच्या तयारीत. मीटरवरचा हिरवा दिवा तर लुकलुकत होता! उतरून पाहिलं, तर मागचा इंडिकेटर बंद.

बाबांची जुनी स्कूटर थेट गॅरेजला नेली. मेकॅनिक दादांनी विचारलं, 'हिरवा दिवा नेहमीपेक्षा भराभर लुकलुकत होता का?' होता की! तोच इशारा होता म्हणे. एकाच बाजूला अशी घाई दिसली, तर बहुतेक त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. जुन्या फ्लॅशरवर एलईडी बल्ब लावले तरी असंच होतं, कारण लोड कमी पडतो. दोन्हीकडचे दिवे लागतात, पण लुकलुकत नाहीत? मग फ्लॅशरवर संशय. दिवेही नाहीत आणि हॉर्नही मुका? आधी फ्यूज आणि बॅटरी बघा. फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घ्या, तारेचा जुगाड नको.

माझा बल्ब ठणठणीत होता. पावसाचं पाणी जाऊन होल्डर गंजला होता. चावी बंद करून दादांनी पॉलिश पेपर फिरवला आणि काम झालं.

आता निघण्याआधी दोन्ही इंडिकेटर लावून गाडीभोवती एक चक्कर मारते. आणि वाटेत बंद पडलाच, तर सरळ हात दाखवते. काकांचं बरोबरच होतं.