वर्गणीदारांचे लिनक्स

ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात लिनक्स फाउंडेशनइतकी वजनदार संस्था दुसरी क्वचितच असेल. तरीही टेबलावरचा संगणक, म्हणजे डेस्कटॉप, तिच्या कामकाजात कोपऱ्यातच राहिला, आणि त्याचे कारण तिच्या घटनेत सापडते. अमेरिकी करकायद्याच्या ज्या कलमाखाली ही संस्था मोडते ते धर्मादाय संस्थांचे नसून व्यापारी मंडळांचे आहे, त्यामुळे सभासद कंपन्यांचे सामायिक हित पाहणे हेच तिचे काम ठरते. व्यक्तिगत सभासदांनी संचालक निवडून देण्याची तरतूदही २०१६ साली वगळण्यात आली. मोठी वर्गणी भरणाऱ्यांना लिनक्स ही कार्यप्रणाली हवी असते ती सर्व्हर, क्लाउड आणि दूरसंचार यंत्रणांसाठी.

डेस्कटॉपची खरी अडचण तांत्रिक आहे. लिनक्सची अनेक वितरणे, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी बांधून दिलेले संच, प्रचलित असून प्रत्येकातील सहायक प्रणालींच्या आवृत्त्या निराळ्या असल्याने एकच अनुप्रयोग प्रत्येकासाठी नव्याने बांधावा लागतो. २०१४ साली खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले होते. त्यावरचा उतारा फाउंडेशनला वारशातच मिळाला होता. २००७ साली ज्या दोन संस्थांच्या विलीनीकरणातून ती उभी राहिली, त्यांपैकी फ्री स्टँडर्ड्स ग्रुपने ‘लिनक्स स्टँडर्ड बेस’ हे सामायिक प्रमाणक याच हेतूने आखले होते. पण २०१५ च्या पाचव्या आवृत्तीनंतर ते थंडावले, आणि डेबियन या वितरणाने त्याच वर्षी त्याचा पाठपुरावा जवळजवळ सोडून दिला. अनुप्रयोगाला लागणारे साहित्य त्याच्यासोबतच पुरवणारी फ्लॅटपॅक ही पद्धत पुढे आली ती डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांकडून.

तथापि सरसकट उपेक्षेचा आरोप टिकणारा नाही, कारण छपाईची व्यवस्था पाहणारा ओपनप्रिंटिंग हा प्रकल्प फाउंडेशनच्याच छत्राखाली चालतो. अर्थात छपाईयंत्रे विकणाऱ्या कंपन्या आहेत, ही गोष्ट येथे नजरेआड करता येत नाही. पडद्यावरच्या खिडक्या आणि मेनू सांभाळणाऱ्या केडीई व नोम या प्रकल्पांच्या संस्था मात्र वेगळ्या असून त्यांची मदार बरीचशी देणग्यांवर असते. नोमला २०२३ साली दहा लाख युरो मिळाले ते जर्मन सरकारच्या निधीतून, तर केडीईचा डेस्कटॉप २०२२ पासून लाखो खेळाडूंच्या हातांत पोहोचला तो व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम डेक हे व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र विकायला काढले म्हणून.